जड पाण्याचा आक्षेप

नमस्कार.

इंधन घटात (फ्युएल सेलमध्ये) पाणी धरून प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पातळ पटलांची रचना न्यूट्रॉनने मोजण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन टोले हाणलेत: जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड समस्थानिक ड्युटेरियम असतो) मोजून साध्या पाण्याबद्दल बोलता, क्ष-किरणांनी हेच काम स्वस्तात होतं, आणि ‘न्यूट्रॉनमुळे पाण्याच्या वाहिन्या दिसतात’ हे वाक्यच खोटं. तिसरा टोला वर्मी लागला, म्हणून आधी तोच घेतो.

वाहिन्या दिसत नाहीत. हाती येते ती कोणत्या कोनात किती न्यूट्रॉन विखुरले हे सांगणारी एक वक्ररेषा आणि तिच्यावर एक बुटका उंचवटा; त्याच्या जागेवरून आतल्या रचनेचं माप काढायचं. नॅफिऑन या फ्लोरिनयुक्त पटलाच्या बाबतीत पाण्याचे 4 नॅनोमीटरचे पुंजके आणि त्यांना जोडणाऱ्या 1 नॅनोमीटरच्या चिंचोळ्या वाटा, असं चित्र बरीच वर्षं चाललं. 2008मध्ये श्मिट-रोर आणि चेन या संशोधकांनी सरासरी 2.4 नॅनोमीटर व्यासाच्या, पाण्याने भरलेल्या समांतर नळ्या बसवून दाखवल्या. दोन्ही चित्रं असल्याच वक्ररेषांवर उभी! लेखातलं ‘दिसतात’ खोडून ‘अंदाज बांधता येतो’ असं केलं आहे.

आता जड पाणी. इथे न्यूट्रॉन विखुरतो तो अणुकेंद्रामुळे. हायड्रोजनची प्रकीर्णन लांबी (अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती विखुरतं याचं माप) उणे 3.74 फेम्टोमीटर, ड्युटेरियमची अधिक 6.67. चिन्हच उलटं. त्यामुळे दोन्ही पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून त्यात पटलाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजला, की दर वेळी वेगळी रेषा मिळते आणि त्या सगळ्या एकाच रचनेतून निघाव्या लागतात. एका रेषेवर तरून गेलेलं मॉडेल इथे बुडतं.

पण जड पाण्याने पटलच बदललं तर? शंका रास्त आहे. ते 3.8 अंशांना गोठतं, आणि 25 अंशांना त्याची विष्यंदता (दाटपणा) साध्या पाण्यापेक्षा वीसेक टक्के जास्त असते. म्हणून प्रोटॉनच्या वेगाचे आकडे एकातून दुसऱ्यात उचलून नेऊ नयेत; गोठणबिंदूजवळ तर नाहीच नाही. रचनेचं वेगळं, आणि तिथे तुमचे क्ष-किरणच माझ्या मदतीला येतात. दोन्ही पाण्यांत इलेक्ट्रॉन तेवढेच, त्यामुळे क्ष-किरणांना फरक कळत नाही. तोच तुकडा आधी एकात, मग दुसऱ्यात भिजवून मोजा. उंचवटा जागचा हलला नाही, तर त्या मापाची रचनाही हलली नाही असं धरायला हरकत नाही.

मग क्ष-किरणच का नकोत? नॅफिऑनला पुष्कळदा पुरतात. त्यातल्या फ्लोरिनमुळे पटल आणि पाणी ठळक वेगळे पडतात. नुसत्या त्या उंचवट्यासाठी न्यूट्रॉन-केंद्राच्या रांगेत उभं राहणं मलाही उधळपट्टी वाटते. फ्लोरिन नसलेल्या पटलांत मात्र हा फरक बराच फिका पडतो. आणि चालू घटातलं पाणी ॲल्युमिनियमच्या जाड भिंतीआडून पाहायचं, तर न्यूट्रॉनला तोड नाही.

एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. एका मोजणीत नमुन्याच्या डबीचं झाकण सैल राहिलं. हवेतली ओल आत शिरली, ड्युटेरियमच्या जागी हायड्रोजन येत गेला आणि रेषेचा उजवीकडचा सपाट भाग तासातासाला वर चढत राहिला. ते आकडे लेखातल्या आलेखात नाहीत.