मागची काच उघडली की धूर बाहेर जात नाही, आत येतो

पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: कार्ब्युरेटरची (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या यंत्राची) गाडी म्हटली की पेट्रोलचा वास येणारच, फार झाला तर ट्यूनिंग करा, धुराचा वास आला तर मागच्या काचा उघडा, आणि वासच नसेल तर बिनधास्त चालवा. नागपुरातले जुन्या गाड्यांचे शौकीनही त्याला ‘थम्स अप’ देताहेत.

‘येणारच’ म्हणे. शोरूममधून निघाली तेव्हा या गाडीला वास येत होता का? मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना तापलेलं इंजिन बंद केलं, तर कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं, म्हणजे फ्लोट चेंबरमधलं, पेट्रोल उकळतं आणि बोनेटपाशी थोडा वेळ वास राहतो, एवढं मान्य. पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडताच भपकारा आला, तर कुठेतरी गळतंय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, डिकीच्या तळाशी साचून राहते. पेट्रोल आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच गावात आहे, आणि तरी हे सांगावं लागतंय!

ट्यूनिंगच्या सल्ल्याने मिस्त्रीचं भलं होतं, गाडीचं नाही. वास कधी येतो ते आधी बघा. टाकी फुल केल्यावर, वळणावर येत असेल तर कार्ब्युरेटरचा काही संबंध नाही. डिकीतलं मॅटिंग उचला. टाकीच्या तोंडाचा जाड रबरी पाइप, पेट्रोल गेजच्या युनिटखालचं पॅकिंग, वाफेची बारीक नळी, हे तिन्ही हाताने चाचपा. पाइप नुसता बघून कळत नाही; जरा वाकवा, म्हणजे बारीक भेगा तोंड उघडतात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. त्यामुळे नवा पाइप घेताना इथेनॉल चालणाराच मागा. साबण चोळून बुजवलेली गळती घरापर्यंत पोचवते, त्यापुढे तिच्यावर भरवसा नको.

मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून हुंगा. न भरता ऑइलची पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर बहुतेक इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. कार्ब्युरेटरच दोषी असेल तर तो बाहेरून ओला किंवा तपकिरी डागांचा दिसतो. पेट्रोल अडवणाऱ्या निडलमध्ये कचरा अडकला असेल किंवा आतल्या तरंगणाऱ्या फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं असेल, तर ट्यूनिंगचा स्क्रू फिरवून काय होणार?

काचांचा सल्ला मात्र उलटाच आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो आणि मागची काच किंवा अर्धवट लागलेली डिकी त्याला आत ओढते. रात्री डिकीत टॉर्च चालू ठेवून झाकण लावा; जिथून उजेड दिसेल तिथलं रबर गेलेलं आहे. समोरून धूर येत असेल तर क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि वायरी जिथून आत येतात तिथली रबरं बघा. थंड इंजिन सुरू करताच मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांपाशी) टिकटिक आणि जोडावर काजळी दिसली, तर पॅकिंग उडालंय.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा, ‘वास नसेल तर बिनधास्त चालवा’, सगळ्यांत घातक. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. आपल्याला येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा वास, आणि नाक थोड्या वेळात त्यालाही सरावतं. वर्धा रोडवर गाडीत बसलं की डोकं जड होतं, मळमळतं, आणि खाली उतरलं की बरं वाटतं, असं होत असेल तर ते ऊन लागलेलं नाही राजेहो. गाडी तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि गॅरेजपर्यंत टो करून न्या.