कमरेचा दागिना कुठे घडवावा

सर्वांत आधी अभिनंदन. पिस्तुलाचा परवाना हातात पडला म्हणजे तुमच्या जिवाला धोका आहे, हे सरकारदरबारी सिद्ध झालं. धोका कोणापासून, असं कोणी विचारलंच तर मिशीवरून हात फिरवून गप्प बसावं. ज्या चुलतभावाशी बांधावरून वाद आहे, तोच तुमच्या नातवाच्या जावळाला पंगतीत वरणबट्टी वाढत होता, हे पोलीस पडताळणीत आलेलं नाही. आपणही काढू नये.

तर आता सगळं जुळून आलंय. पांढरी लिनन, गळ्यात गोफ, दारात काळी स्कॉर्पिओ, कमरेला पिस्तूल. फक्त एकच गोष्ट खुपते. पलीकडच्या गल्लीतल्या अण्णांकडेही तेच आहे. तेच सरकारी कारखान्यातलं ३२ बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), तीच काळी मूठ. एखाद्या हळदीला दोघं शेजारी बसलात, तर दोन जावांनी एकाच सेलमधून आणलेल्या साड्या नेसल्यासारखं दिसतं. यावर उपाय एकच, पिस्तूल कस्टमाइज करून घेणे.

ही कल्पना तुम्हाला मोबाइलने दिली, हे मी ओळखून आहे. रात्री अकरानंतर, घरची मंडळी झोपल्यावर, तुम्ही अमेरिकेतल्या कारागिरांचे व्हिडिओ बघता. एप्रन घातलेला एक गोरा आजोबा कानस घेऊन पिस्तुलावर बसलेला असतो. जॉन ब्राउनिंगने आखलेलं आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली घेतलेलं ते पिस्तूल तिकडे अजून लोक हौसेने बाळगतात. कोणी चाप मऊ करून घेतो, कोणी अंधारात चमकणारी माशी, म्हणजे नेम धरायची खूण, बसवून घेतो, कोणी मुठीवर खवले कोरून घेतो. तुमचाही जीव त्यात अडकला. फक्त ते पिस्तूल पंचेचाळीस बोअरचं. आपल्याकडे पंचेचाळीस आणि नऊ एमएम ही मंडळी निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांना बंद. गंमत अशी की वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत सैन्यासाठी गोळ्या बनतात, गावातल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी तिथे कामाला असतं किंवा होतं, आणि तुम्ही तिथून हाकेच्या अंतरावर बसून अमेरिकेतल्या माणसाचे व्हिडिओ बघता. नदीकाठी राहून टँकरची वाट बघावी तसं.

असो. कारागीर शोधायचा आहे.

पहिली चौकशी पानटपरीवर होणार, हे ठरलेलंच. तुम्ही आवाज खाली करून विचारणार, ‘पिस्तुलाचं काम करणारा कोणी आहे का रे?’ टपरीवाला चुना लावता लावता उत्तरेकडे, सातपुड्याच्या दिशेने भुवई उडवणार. त्याची भुवई निघाली आहे गावठी कट्ट्याकडे. तुम्ही परवानाधारक आहात, प्रतिष्ठित आहात, पतसंस्थेचे संचालक आहात. तरी जायचंच असेल तर जाण्याआधी सात वर्षांची सोय लावून जा. केळीला पाणी कोण देईल, ट्रॅक्टरचे हप्ते कोण भरेल, वगैरे. शस्त्र अधिनियम १९५९ चा असला, तरी २०१९ साली त्याला नवे दात बसवलेत. विनापरवाना शस्त्र बनवणं, विकणं, बदलणं, एवढंच काय, दुरुस्त करणं, यालाही किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. टपरीवाल्याची भुवई तेवढ्या वेळात परत जागेवर आलेली असते. तुमचं तसं नसतं.

दुसरा मार्ग अस्सल खानदेशी, म्हणजे ओळखीतला माणूस. बुलेटचं सायलेन्सर बदलून देणारा फिटर तुमच्या ओळखीचा आहे. त्याने सायलेन्सर बदलल्यापासून तुमची गाडी फाट्यावर वळली की घरी भाकरी तव्यावर पडते, इतका तो तरबेज. एमआयडीसीत लेथवाला दादा आहे. ‘सबमर्सिबलचा शाफ्ट टर्न करतो, तुमच्या खेळण्यात काय ठेवलंय भो?’ असं तो म्हणतो, आणि त्याच्या हातावर माझाही विश्वास आहे. पण कायद्याला हात दिसत नाही, कागद दिसतो. शस्त्र दुरुस्तीचा परवाना नसलेल्याने पिस्तूल उघडलं तर तो आणि तुम्ही दोघंही एकाच कलमाखाली शेजारी बसाल. नळी कापून आखूड करणं तर कलम सहामध्ये वेगळं लिहून ठेवलंय. कायदा करणाऱ्यांना आपला लेथवाला दादा ठाऊक असावा, असा मला दाट संशय आहे.

सराफ बाजार राहिलाच. जळगावचं सोनं म्हणजे बोलायलाच नको, लोक लग्नाच्या खरेदीला कुठून कुठून येतात. तेव्हा पिस्तुलाला सोन्याचं पाणी चढवावं, हे ओघानेच आलं. जरूर चढवा. फक्त पॉलिशवाला पोरगा चाकावर धरताना अंगावर ठोकलेला नंबर घासून गुळगुळीत करणार नाही, एवढं बघा. तो नंबर पुसणं हा कलम आठप्रमाणे गुन्हा आहे, आणि सोन्याचं पाणी दिलेलं, नंबर नसलेलं पिस्तूल कोणत्या ठाण्यात काय म्हणून दाखवायचं, याचं उत्तर सराफाकडे नसतं. मुठीला हस्तिदंत हवाय? वन्यजीव कायदा. सातपुड्यातला साग? वनखात्याचा पास कुठाय? म्हणजे पोलीस, महसूल आणि वन अशी तीन खाती एका वीतभर वस्तूवर एकत्र येऊ शकतात. एवढी एकी आपल्या पालकमंत्र्यांनाही साधलेली नाही.

होल्स्टरचं, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या कातडी पाकिटाचं, मात्र मी मनापासून सांगतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जा. घोड्यांचे खोगीर, लगाम, पट्टे विकणाऱ्यांच्या राहुट्या लागतात तिथे. कातड्याला टाका कसा घालावा हे त्यांना कळतं. घोड्यासाठी पाकीट हवंय म्हणालात तरी खोटं ठरणार नाही, कारण आपल्याकडे पिस्तुलालाही घोडाच म्हणतात.

आता खरा माणूस. तो असतो, पण शोधताना दिसत नाही. जुन्या बाजारात, भांड्यांचं दुकान आणि बियाण्यांचं दुकान यांच्या मधोमध एक अरुंद दार, वर उडालेल्या रंगाची पाटी. आत काचेच्या कपाटात बारा बोअरच्या चार बंदुका साखळीने बांधलेल्या. खुर्चीवर एक काका, डुलकीत. मागच्या दिवाळीनंतर मी एका मित्राबरोबर तिथे गेलो होतो. मित्राने मोबाइलमध्ये एकवीस फोटो जमवून ठेवले होते.

काकांनी आधी परवाना मागितला. पान न् पान उलटून पाहिला, पिस्तुलाचा नंबर जुळवला, रजिस्टरात ओढली नोंद. मग विचारलं, ‘काय बिघडनं भाऊ?’

‘बिघडनं काहीच नही.’

‘मंग काय करनं शे?’

‘कस्टमाइज करनं शे.’

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. पिस्तूल हातात घेतलं, तोंड भिंतीकडे केलं, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, वरचा सरकता भाग मागे ओढून आत पाहिलं. बोट घालून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पातळ सळईला चिंधी गुंडाळली आणि नळीतून एकदाच फिरवली. पलीकडून जे बाहेर आलं ते त्यांनी टेबलावरच्या वर्तमानपत्रावर झटकलं. कापूस. चांगला बोंडभर असेल. त्याला चिकटून दोन बडीशेपेचे दाणे.

‘हाऊ कापूस शे,’ काका म्हणाले. त्यांच्या आवाजात ना राग, ना हसू.

मित्र जिनिंगचा धंदा करतो. दिवसभर कापसात उठबस, पिस्तूल कमरेला. तीन वर्षांत त्याने एक बार काढलेला नव्हता, साफसफाई तर दूरची गोष्ट. मग काकांनी त्याचं काडतुसांचं कातडी पाकीट उघडलं. पितळेवर हिरवा थर चढलेला होता, चिंचेचं सार पितळेच्या पातेल्यात रात्रभर विसरल्यावर चढतो तसा. कातडं कमावण्याच्या रसायनाने पितळ असं हिरवं पडतं, काडतुसं कातड्यात साठवायची नसतात, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं आणि ती एकेक करून फडक्याने पुसायला घेतली. मित्राने तेवढ्यात फोटो पुढे केला. निळसर झाक, मुठीवर वाघ, चाप सोनेरी. काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. ‘फोटोवाला साफ शे,’ म्हणाले.

चाप मऊ करून द्या, हा मित्राचा शेवटचा हट्ट. मी त्याला बाजूने टेकू दिला, कारण सल्ला फुकट होता. काकांनी त्याच्या कमरेकडे पाहिलं. पिस्तूल होल्स्टरशिवाय, थेट पँटीत खोचून तो आला होता, नळी कुठल्या दिशेला होती ते मी लिहीत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईत एका नामवंत नटाच्या पायात त्याच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली होती, ते काकांनी बातमीत पाहिलेलं. ‘त्यास्ना त पाय व्हता,’ एवढंच ते म्हणाले. चाप आहे तसा राहिला. साफसफाई आणि तेलपाणी यांचे मिळून तीनशे रुपये झाले. मित्र बाहेर येऊन म्हणाला, या म्हाताऱ्याला धंदा करता येत नाही.

तुम्ही त्याच्यासारखं निराश होऊ नका. समजा तुम्ही जिद्दीने, रीतसर परवानेवाला कारागीर गाठून, वाघाची मूठ बसवून घेतलीच. पुढचा प्रश्न दाखवायचं कसं. शस्त्र नियम २०१६ म्हणतात, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून. उगारायचं नाही, नाचवायचं नाही. म्हणजे वाघ आत आणि लिननचा शर्ट वर. हळदीत डीजेच्या तालावर एक बार काढून वाघाला मोकळं करावं म्हणाल, तर त्यासाठी २०१९ पासून स्वतंत्र पोटकलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाकडून पाहुणचार तेवढा येणार नाही. तेव्हा शर्ट जरा तंग शिवून घ्या, म्हणजे उजव्या बाजूला फुगवटा दिसेल. लोक समजून घेतील. निम्मे त्याला मोबाइलची पॉवर बँक समजतील, त्याला इलाज नाही.

हां, दुसरं एक आणायचा विचार असेल तर एकूण दोनच ठेवता येतात, आधी तीन चालायची. म्हणजे आजोबांची बारा बोअर धरून तुमचा कोटा संपला. ती बंदूक निदान केळीतली रानडुकरं तरी बिचकवत होती, सध्या ते काम सुतळी बॉम्ब करतो.

आणि निवडणुका. लागल्या की नोटीस येते, शस्त्र जमा करा. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा, म्हणजे कित्येकांच्या पिस्तुलांचा मुक्काम वर्षातून दोनदा ठाण्यात. तुमचं नेलंत की हवालदार साहेबांसमोर ते फडक्यातून सावकाश उलगडा. मूठ वरच्या बाजूला येईल असं ठेवा. ते चष्मा लावतील, नंबर वाचतील, एकदा परवान्यात, एकदा पिस्तुलावर. तुम्ही घसा खाकरून म्हणाल, ‘साहेब, मूठ बघितली का? कस्टम आहे.’ ते मान न वर करता रजिस्टरात लिहितील, ‘पिस्तूल, एक नग. रंग काळा.’ मग पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने वाघाच्या गळ्यात बांधतील, दोन गाठी मारतील, आणि पुढच्याला आवाज देतील.

पुढचे अण्णाच असतात. त्यांच्या मुठीवर गरुड आहे.