पंखा बंद, श्वास बंद

आमच्या हॉलमधला पंखा भर मे महिन्यात बंद दिसला की पाहुण्यांना वाटतं वीज गेली. वीज असते. मी माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेचा कपलर जोडत बसलेला असतो.

आगगाडीचे दोन डबे एकमेकांत गुंतवणारा आकडा म्हणजे कपलर. अमेरिकेत पूर्वी डब्यांच्या मध्ये उभं राहून हाताने कडी आणि खिळा जुळवावा लागे, त्यात कामगारांची बोटं जात. एलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये आपोआप अडकणाऱ्या कपलरचं पेटंट घेतलं आणि १८९३ मध्ये तिथे स्वयंचलित कपलरची सक्ती करणारा कायदा झाला. आपल्याकडच्या नव्या धाटणीच्या एलएचबी डब्यांना असतो तोही याच घराण्यातला. बोटं वाचली, फार चांगलं झालं. पण खरा कपलर एकट्याला हलत नाही आणि माझा एचओ मापाचा, म्हणजे ८७ पट लहान. फुंकर मारली तरी गाव सोडतो.

कपलरच्या चिमुकल्या खोक्यात ब्रॉन्झची पातळ सेंटरिंग स्प्रिंग, म्हणजे कपलरला मध्यावर धरणारी, ठेवायची, वर कपलरची दांडी, वर झाकण, मग स्क्रू. सूचनापत्रकात नुसते सुटे भाग दाखवलेले असतात, जोडणाऱ्याचं कपाळ दाखवत नाहीत. तरी इथवर जमतं. खरा छळ नकलच्या, म्हणजे कपलरच्या उघडमीट करणाऱ्या जबड्याच्या, स्प्रिंगचा. मोहरीच्या दाण्यालाही तिच्याशेजारी अंगानं भरल्यासारखं वाटेल. ती दाबून दोन बारीक टोकांत बसवायची, आणि चिमटा जरा ढिला पडला की ती उडते. पडल्याचा आवाज नाही, म्हणजे ती पडली की अजून हवेतच आहे, तेही कळत नाही.

मग मोबाईलचा टॉर्च फरशीलगत आडवा धरायचा, म्हणजे बारीक वस्तूचीही सावली लांब पडते. या पद्धतीने मला हिच्या कानातल्याची दिवाळीपासून हरवलेली फिरकी सापडली. माझ्या रेल्वेला घरात मान मिळाला तो तेवढाच.

एकदा सेंटरिंग स्प्रिंगच नाहीशी झाली, तेव्हा शेजारचे काका लोहचुंबक घेऊन धावले. ब्रॉन्झ चुंबकाला भीक घालत नाही, हे सांगेपर्यंत त्यांनी तो टेबलावरून फिरवला आणि नुकताच जोडलेला कपलर टुणकन वर गेला. त्याच्या खालची वाकडी पिन लोखंडीच असते. रुळांमध्ये चुंबक बसवला की तिच्या जोरावर डबे हात न लावता सुटतात. काकांना हे समजावलं, तर ते म्हणाले, “म्हणजे चालतोय की!”

जाणकार सांगतात, स्प्रिंगमधून आधी दोरा ओवा. पण ओवायला ती आधी धरावी लागते. दुसरे सांगतात, पारदर्शक पिशवीत हात घालून काम करा. हे मात्र उपयोगी आहे, स्प्रिंग पिशवीतच राहते. फक्त कुरिअरवाल्याला दार कोपराने उघडून द्यावं लागतं आणि तो पार्सल न देताच दोन पावलं मागे सरकतो.

हल्ली केसासारख्या बारीक सेंटरिंग स्प्रिंगा दांडीलाच जोडलेले आयते कपलर मिळतात. “अहो, मग ते घ्या की,” ही म्हणाली.

घेतले. आता खोक्याचं झाकण उडतं.