दीड हजार किलोमीटरचा वॉर्ड

मतदारसंघ आखायला बसलात की एक पथ्य पाळा: तिथल्या लोकांना विचारू नका. विचारलं की ते नदी, डोंगर, शेजारच्या जिल्ह्याशी असलेलं जुनं वैर असलं काहीबाही काढत बसतात आणि नकाशा रेंगाळतो. धडा गिरवायचाच असेल तर युरोपीय संसदेतला ‘साउथ वेस्ट इंग्लंड’ समोर ठेवा. एकवीस वर्षांत जन्मला, फुगला आणि विसर्जित झाला.

त्याआधीची पद्धत अगदीच बाळबोध होती. 1979 साली या संसदेची पहिली थेट निवडणूक झाली, तेव्हा ब्रिटिशांनी घरचाच नियम तिकडेही लावला: एक तुकडा, एक खासदार, जास्त मतं पडतील तो निवडून आला. यात धोका असा, की मतदाराला उमेदवाराचं नाव वाचावं लागतं. 1994 साली डेव्हन आणि पूर्व प्लिमथच्या मतदारसंघात रिचर्ड हगेट नावाचे गृहस्थ ‘लिटरल डेमोक्रॅट’ म्हणून उभे राहिले. ‘लिबरल’ आणि ‘लिटरल’ देवनागरीत लिहून बघा, एकच अक्षर हलतं. मतपत्रिका आडनावाच्या क्रमाने, त्यामुळे हगेट वर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे खरे उमेदवार सँडर्स खाली. हगेटना 10,203 मतं पडली. सँडर्स पडले 700 मतांनी. तुतारी आणि पिपाणी यांतला फरक आपल्याला 2024 साली शिकावा लागला, तेव्हा हसण्याआधी जरा थांबा.

यावर इलाज काय करावा? 1998 साली पक्षांच्या नोंदणीचा कायदा आला, आणि 1999 पासून माणसाला मत देण्याची भानगडच बंद झाली. ग्लॉस्टरशरपासून कॉर्नवॉलच्या टोकापर्यंतचा, सिली बेटांसकट सगळा पट्टा एकत्र बांधला आणि त्याला सात खासदार दिले. तुम्ही फक्त पक्षापुढे फुली मारायची. यादीत कोण वर आणि कोण खाली हे पक्ष ठरवणार. जागा वाटायला डी’होंट नावाच्या बेल्जियन गृहस्थांचा भागाकार: पक्षाच्या मतांना आधी एकाने भागा, एक जागा मिळाली की दोनाने, मग तीनाने. मतदाराला हे समजलंच पाहिजे असं नाही, उलट नाही समजलं तर मतमोजणीनंतर वाद कमी होतात. त्या वर्षी देशभरात 24 टक्के मतदान झालं. म्हणजे प्रयोग यशस्वी.

आता खडकाकडे या. प्रत्येक चांगल्या मतदारसंघाला दूर कुठेतरी एक तुकडा जोडलेला असावा. जिब्राल्टर हा स्पेनच्या पायथ्याशी असलेला, सात चौरस किलोमीटरही न भरणारा ब्रिटिशांचा खडक. 1973 साली ब्रिटनबरोबर तोही युरोपच्या समुदायात गेला, तिथले कायदे त्याला लागू झाले, पण ते कायदे करणाऱ्या संसदेसाठी मत मात्र नाही. अखेर तिथल्या एका रहिवासी बाईंनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनला खेचलं आणि 1999 साली त्या जिंकल्या. मग प्रश्न पडला, हा खडक ठेवायचा कुठे? पंचवीस-तीस हजार वस्तीला स्वतःचा खासदार देणं परवडेना. म्हणून 2004 च्या निवडणुकीसाठी तो समुद्रापलीकडे, दीड हजार किलोमीटरवरच्या डेव्हन-कॉर्नवॉलला शिवला. चाळीस लाख मतदारांत खडकावरचे वीसेक हजार. मुंबईतली एखादी सोसायटी थेट दिल्लीच्या वॉर्डात टाकावी, तसं. नकाशा छापणाऱ्यांनी कोपऱ्यात एक चौकोन काढून त्यात जिब्राल्टर बसवलं.

स्पेनने लगेच कोर्ट गाठलं. त्यांची एक तक्रार अशी, की तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांनाही मत कसं देता? 2006 साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने स्पेनला परत पाठवलं. राष्ट्रकुलातले म्हणजे कोण, असं विचाराल तर आपणच की.

मी 2014 साली याच मतदारसंघातल्या ब्रिस्टॉलला होतो, भारतीय पासपोर्टवर. 16 मे 2014 ला आपल्याकडचा लोकसभेचा निकाल रात्र जागून लॅपटॉपवर बघितला, कारण त्यात मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून गावी जावं लागलं असतं. 22 मे ला चपला सरकवून गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये गेलो आणि युरोपचं भवितव्य ठरवून दूध घेऊन परत आलो. ओळखपत्र कोणी मागितलं नाही, बोटाला शाई नाही. दोरीने बांधलेली एक बोथट पेन्सिल आणि पंचांगासारखी लांबलचक मतपत्रिका. शेजारचा नॉर्वेजियन जन्मापासून युरोपात, पण त्याला मत नव्हतं. मी त्याची समजूत घातली.

प्रतिनिधी निवडताना मात्र एक काळजी घ्या: ज्यांना ती संसदच नको आहे त्यांना प्राधान्य द्या. साउथ वेस्टने हे पहिल्याच खेपेला जमवलं. 1999 साली, ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणणाऱ्या यूकेआयपी या पक्षाचे मायकेल होम्स निवडून आले. बिचाऱ्यांनी पहिल्याच भाषणात या संसदेला आणखी अधिकार द्यावेत अशा अर्थाचं काहीतरी बोलून टाकलं आणि पक्षात रणकंदन झालं. पुढे ही चूक कोणी केली नाही. 2004 ला या पक्षाचे दोन, 2009 ला दोन, 2014 ला दोन. सातांच्या सहा जागा झाल्या तरी यांचा वाटा ठाम. उलट ग्रॅहम वॉटसन यांच्यासारखे 1994 पासून त्या संसदेत मन लावून काम करणारे लिबरल डेमोक्रॅट 2014 ला घरी बसले. मन लावून काम करणाऱ्याचं असंच होतं.

2016 च्या सार्वमतात कॉर्नवॉलने, म्हणजे युरोपच्या गरीब भागांसाठीचा निधी वर्षानुवर्षं घेणाऱ्या कॉर्नवॉलने, बाहेर पडायचा कौल दिला, आणि निकाल लागल्या लागल्या तिथल्या कौन्सिलने विचारलं की आमच्या पैशांचं काय. जिब्राल्टरमध्ये 19,322 लोक म्हणाले राहू, 823 म्हणाले जाऊ. ज्या संसदेच्या मतासाठी खडकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ती संसदच अशा रीतीने हातची गेली.

शेवटची निवडणूक मे 2019 ला. सहापैकी तीन जागा ब्रेक्झिट पार्टीला, दोन लिबरल डेमोक्रॅटना, एक ग्रीनना, सत्ताधारी काँझर्व्हेटिव्हना भोपळा. जुलैत स्ट्रासबर्गला युरोपचं गीत सुरू झालं तेव्हा ब्रेक्झिट पार्टीवाले सभागृहाकडे पाठ करून उभे राहिले.

तेव्हा मोडताना फार अवघड जात नाही. 31 जानेवारी 2020 ची रात्र ठरवा, अकराचा ठोका धरा आणि सहाही जणांना परत बोलवा. तिघांच्या बॅगा आधीच भरलेल्या असतील.