चेस्टरफील्डचा पिळलेला कळस: सगळा दोष ओल्या लाकडावर ढकलू नका

डर्बीशायरमधल्या चेस्टरफील्डच्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स या पॅरिश चर्चचा फोटो फिरतो, तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं: ‘प्लेगमध्ये कसबी सुतार मेले, नवख्यांनी ओलं लाकूड वापरलं, म्हणून कळस पिळला. जगात असा हा एकच.’

आधी लाकूड. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सुतार ओक ओलंच वापरत. वाळलेलं ओक कुऱ्हाडीला आणि वाकसाला दाद देत नाही, आणि जाड तुळई आतपर्यंत वाळायला कित्येक वर्षं जातात. तेवढं थांबणार कोण? ओक वाळताना आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. जाणता सुतार खुंटीची भोकं मुद्दाम जराशी मागेपुढे पाडतो; खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो आणि लाकूड आकसलं तरी सहसा सुटत नाही. नुसत्या ओल्या लाकडाने कळस पिळत असते, तर त्या काळातला प्रत्येक लाकडी कळस पिळला असता.

खरी उणीव सांगाड्यात आहे: तिरके आधार अपुरे. चौकटीत त्रिकोण नसले की पीळ अडवायला काही उरत नाही. त्यावर सुमारे 33 टन शिसं. उन्हाची बाजू दक्षिणेची, त्यामुळे तिकडचं शिसं जास्त तापतं. 3 मीटरचा पत्रा 40 अंशांनी तापला तर साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतो, उत्तरेकडचा तेवढा वाढत नाही. ही ओढाताण शतकानुशतकं चालली. जमिनीपासून 228 फूट उंच कळसाला आज 45 अंशांचा पीळ आहे आणि टोक मध्यापासून साडेनऊ फूट सरकलंय. ओल्या लाकडाचं आकसणं यात वाटेकरी आहे, एकटा गुन्हेगार नाही. शिशाचे पत्रे तिरप्या नक्षीत बसवलेत, म्हणून डोळ्याला पीळ आहे त्याहून जास्त भासतो.

प्लेगचं म्हणाल तर 1348–49 ची साथ आणि 1362 च्या सुमाराचा कळस, काळ जुळतो. तर्क म्हणून ठीक. पण आधार कमी का पडले, हे लाकूड सांगत नाही. सैतानाने कळसाला शेपटी गुंडाळली ही दंतकथा निदान पुरावा असल्याचा आव तरी आणत नाही.

‘एकच’ हे तर साफ चूक. डेव्हनमधलं बार्नस्टेपल, फ्रान्समधलं प्यूइझो, अशी यादी लांब आहे. श्रॉपशायरमधल्या क्लीबरी मॉर्टिमरचा कळसही पिळलेला आहे, आणि त्यावर शिसं नाही, लाकडी फळ्यांचं आवरण आहे. म्हणजे सगळा दोष शिशावर टाकूनही भागत नाही.