मल्टिमीटर लावायला कोणाची हरकत होती?

जुनी डिझेल गाडी गॅरेजमध्ये नेली की बिघाड शोधण्याआधीच सुटे भाग बदलायला सुरुवात होते, आणि या अंदाजपंचे कारभाराचा मला आता मनस्वी संताप आलेला आहे.

माझ्या तक्रारी अगदी स्पष्ट होत्या. नाशिकच्या थंडीत सकाळी सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जड फिरत असे, गाडी सुरू झालीच तर पांढरा धूर ओकत असे, बॅटरी वारंवार उतरत असे, आणि रात्री हेडलाइट लावले की तापमानाचा काटा चढत असे व दिवे बंद करताच खाली येत असे. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगितली. दिवे लावल्याने इंजिन क्षणात तापत नाही आणि विझवल्याने क्षणात निवतही नाही, त्यामुळे दोष विजेच्या जोडणीत असणार हे उघड होते. तरीही एकाही मेकॅनिकने ती मनावर घेतली नाही. एकाने बॅटरी बदलली. दुसऱ्याने थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडरमधली हवा तापवणारे चारही हीटर प्लग बदलले. जुन्या इंजिनात हे प्लग हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, घट्ट धरून बसलेले असतात, काढताना एखादा आत तुटला तर हेड उतरवण्याची वेळ येते, आणि प्लग चांगला आहे की जळाला आहे हे तो जागेवरच ठेवून, वायर सोडवून त्याचा विद्युत रोध मोजला तरी मिनिटभरात कळते. तेवढेही कोणी केले नाही.

तिसऱ्याने कळस केला. काटा चढतो म्हणून त्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला आणि वर मला सुनावले, "आपल्या हवेत याची गरज नसते साहेब, सगळेच काढतात."

सगळे काढतात म्हणून ते बरोबर ठरते काय? साधारण 80 ते 90 अंशांदरम्यान उघडेपर्यंत थर्मोस्टॅट कुलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन कामाच्या तापमानाला लवकर पोहोचते आणि तिथेच टिकते. डिझेल इंजिन मुळातच उशिरा तापते. थर्मोस्टॅट काढला की ते थंडीच्या दिवसांत धड तापतच नाही, काजळी वाढते, अ‍ॅव्हरेज पडते आणि पहाटे केबिनचा हीटर लावावा तर गार वारा अंगावर येतो. म्हणजे मूळ दोष जागच्या जागी राहिला आणि त्यात एका नव्या दोषाची भर पडली, तीही माझ्याच पैशाने.

शेवटी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले शेजारचे काका व्होल्टेज आणि रोध मोजणारा मल्टिमीटर घेऊन आले. त्यांनी एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावले व मला सेल्फ मारायला सांगितले. जिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, तिथे दीड व्होल्टच्या वर आकडा गेला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची (विजेच्या परतीच्या मार्गाची) विणलेली पट्टी सोडवली, तर बोल्टखाली हिरवट भुकटी साचलेली होती आणि निम्म्या तारा तुटलेल्या होत्या.

सगळ्या तक्रारी त्या एका पट्टीपाशी येऊन मिळत होत्या. डिझेल गाडीचा सेल्फ 200 अँपिअरच्या आसपास प्रवाह सहज ओढतो. त्याच्या वाटेत ओहमचा एक शतांश जरी रोध आला तरी 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. सेल्फ मंद फिरला की सिलिंडरमधली हवा दाबाखाली पुरेशी तापत नाही आणि न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. हीटर प्लगांचा प्रवाहही त्याच पट्टीतून परत येतो, म्हणून तेही पुरते तापत नव्हते. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचाही परतीचा मार्ग तोच, त्यामुळे बॅटरी कधी पुरती चार्ज होतच नव्हती. दिव्यांचा प्रवाह त्या खराब जोडातून जाऊ लागला की बॉडी आणि इंजिन यांच्यात व्होल्टेजचा फरक पडे आणि काटा खोटे तापमान दाखवी.

पट्टी बदलताच सेल्फ एका झटक्यात उचलू लागला. थर्मोस्टॅट परत बसवून घ्यायला गेलो, तर जुना केव्हाच भंगारात गेला होता आणि नव्याचे पैसे व मजुरी दोन्ही माझ्याकडेच मागितली गेली. मी ती दिलेली नाही आणि देणारही नाही. चांगला भाग न विचारता ज्याने फेकून दिला, त्यानेच तो भरून द्यावा.