डालडा १३ आणि आमच्या मास्तरांचा फॉरवर्ड

आज सकाळी पोदेराचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंगा वाजायच्या आत शाळेच्या जुन्या ग्रुपवर 'तो' फोटो येऊन पडला. नेहरू विमानात एका बाईची सिगारेट पेटवून देताहेत, तोच. तुमच्याकडेही दहा वेळा आला असेल. या खेपेला रंगवून आला होता. बाईंच्या ओठांना लाल लिपस्टिक, नेहरूंचे गाल पंचविशीतल्या पोराचे, कडा छाटलेल्या आणि खाली नेहमीचा गलिच्छ मजकूर. पाठवणारे आमचे मास्तर. वयाचा मान म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'फोटो होमाई व्यारावाला यांचा आहे.' बाकीचं इथं.

मास्तर, ती बाई म्हणजे ब्रिटिश डेप्युटी हायकमिशनरांची पत्नी, मिसेस सायमन. विमान बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं. प्रेस फोटोग्राफर समोर असताना उघड उघड काढलेला फोटो आहे तो, किल्लीच्या भोकातून टिपलेला नाही.

होमाई व्यारावाला हे नाव माहीत नसलेल्यांसाठी भराभर सांगते. भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावालांनी, पुढे त्यांच्याशीच लग्न. सुरुवातीचे फोटो छापून आले तेही नवऱ्याच्या नावावर. १९४२ला दिल्ली. मग 'डालडा १३' हे टोपणनाव घेतलं: जन्मसालातले १३, नवरा भेटला तेव्हाचं वय १३ आणि गाडीचा नंबर डीएलडी १३. तुपाच्या डब्याचं नाव लावून देशाचा इतिहास टिपणारी बाई! साडी नेसून, सामान सायकलला लादून दिल्लीभर फिरायची.

आता ते सामान काय होतं ते ऐका, कारण स्क्रीनवर बोट फिरवून चेहरे 'सुधारणाऱ्यांना' त्याची काडीची कल्पना नसते.

स्पीड ग्राफिक हा ४ बाय ५ इंची सुट्या फिल्मचा कॅमेरा. फ्लॅशसकट तीन किलोंच्या आसपास वजन. एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे, पुढे एक, पाठीला एक. होल्डर सरकवायचा, शटर मिटलेलं आहे ना बघायचं, मग फिल्मवरची डार्क स्लाइड, म्हणजे उजेड अडवणारी पट्टी, उपसायची. शटरचा खटका ताणायचा. फोकस जुळवायच्या खिडकीतल्या, रेंजफाइंडरमधल्या, दोन प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या, चौकट बघायची ती वेगळ्याच खिडकीतून, आणि दाबायचं. की स्लाइड परत आत, पण बाजू बदलून: पांढरी कड बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी कड बाहेर म्हणजे वापरलेली. होल्डर काढून उलटायचा. फ्लॅशचा बल्ब एका फोटोपुरताच, म्हणून जळका बल्ब फेकून नवा बसवायचा, आणि तो जळका बल्ब उघड्या बोटांनी धरलात तर फोड ठरलेला. एवढं झालं की दुसरा फोटो. हात बसलेल्या माणसालाही दहाएक सेकंद लागतात. कुठला पंतप्रधान दहा सेकंद थांबतो?

चुकायच्या जागा तर पावलोपावली. स्लाइड उपसायची राहिली की फिल्म कोरी. शटर उघडं असताना उपसली की फिल्म काळीठिक्कर. होल्डर उलटायचा विसरलात तर एकाच तुकड्यावर दोन समारंभ, व्हाइसरॉयच्या पोटातून बँडवाले चाललेत. आणि हे सगळं कळणार कधी? संध्याकाळी डार्करूममध्ये, जेव्हा समारंभ संपून गेलेला असतो.

फ्लॅशचा हिशेबही डोक्यातच. बल्बला गाईड नंबर असतो, त्याला अंतरानं भागायचं की अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, मिळतं. समजा नंबर १६० आणि माणूस १० फुटांवर, तर एफ-१६. तोच २० फुटांवर गेला की एफ-८. त्यामुळे जाणती माणसं अंतर आधीच ठरवून, फोकस तिथंच लावून उभी राहतात आणि माणूस त्या रेषेवर यायची वाट बघतात. होमाईबाईंचे फोटो बघताना हे थांबणं दिसतं. पालम विमानतळावर बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट बघत उभे असलेले नेहरू आणि शेजारीच 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी पाटी. १९५४चा फोटो. ती पाटी आणि तो माणूस एका चौकटीत बसवायला हसणारा डोळा लागतो, आणि पाय योग्य जागी असावे लागतात.

दुसरा कॅमेरा रोलीफ्लेक्स. १२० नावाची रुंद फिल्मची गुंडाळी, चौकोनी १२ फ्रेम. कमरेपाशी धरून वरून काचेत बघायचं. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे चालला तर तो काचेत उजवीकडे जातो, नवखा हमखास कॅमेरा चुकीच्या दिशेला फिरवतो. पण एक गंमत आहे. फोटो काढणारी मान खाली घालून उभी असते, डोळ्याला डोळा भिडत नाही, म्हणून समोरचा सैल पडतो. मला तर हा कॅमेरा कुणासमोर अदबीनं वाकल्यासारखा वाटतो.

आता मास्तरांचा फॉरवर्ड परत उघडा. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत उतरू शकतात. कुठला कपडा कुठल्या रंगाचा होता ते निगेटिव्हमध्ये नसतंच. यंत्र अंदाज ठोकतं आणि आपण त्याला 'ओरिजिनल कलर' म्हणतो. वर 'क्लिअर' करायच्या नादात फिल्मचा दाणा, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं ते, पुसला जातो, त्या दाण्यासोबत सुरकुत्या जातात आणि डोळ्यांतली चमक यंत्र स्वतःच्या मनानं काढतं. मग तो चेहरा नेहरूंचा उरतो का? जत्रेतल्या पडद्यासमोर उभं राहून काढलेला फोटो बरा, तिथं निदान पडदा खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बरं, एक मान्य. होमाईबाईंच्या कामात दिल्लीचा दरबार जास्त, गल्ली कमी. नोकरीच ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसची होती. आणि हेही खरं की रंगवला नसता तर तो फोटो आज कुणी उघडलाही नसता. झालं मान्य करून.

पण जून १९४७मध्ये काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या बाजूनं हात वर झाले ते याच बाईंनी टिपलं. १६ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पहिला तिरंगा चढला, तोही. ३० जानेवारी १९४८ला त्या बिर्ला हाऊसकडे निघाल्या होत्या. नवऱ्यानं मागं बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून. ती हळहळ त्यांना जन्मभर राहिली. गांधीजींची अंत्ययात्रा मात्र त्यांनी टिपली. १९७०ला कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच; धंद्यातली अदब गेली, असं त्या म्हणायच्या. पद्मविभूषण मिळालं २०११ला, जानेवारी २०१२मध्ये वडोदऱ्याला गेल्या. आणि आपण त्यांचं नाव छाटून गुड मॉर्निंग घालतोय.

हे टाईप करता करता मास्तरांचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, वेगळा. 'बाईनं काढलेला हे खरंच ठाऊक नव्हतं गो. आमच्या बाबांच्या पत्र्याच्या पेटीतपण निगेटिव्ह आहेत, जुन्या, गोवा लिबरेशनच्या आधीच्या. आंबूस वास मारतात. टाकू?'

राग गेला कुठच्या कुठे. टाकू नका, मास्तर!

तो वास व्हिनेगरचा. अॅसिटेट फिल्म दमट हवेत कुजायला लागली की आम्ल सुटतं आणि ते शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. म्हणून वास येणाऱ्या आधी वेगळ्या करा. पत्र्याची घट्ट पेटी आणि प्लास्टिकच्या पिशव्या बंद, वाफ आतच कोंडते. साधी कागदी पाकिटं घ्या, एका पाकिटात एकच. ओल्या फडक्यानं पुसू नका. चमकदार बाजू चालून जाते, मंद बाजूवर इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, असतो, तो फडक्याबरोबर निघून येतो. बुरशी दिसली तर हात न लावता तशीच ठेवा. चिकटलेल्या ओढून सोडवू नका. फार जुनी, पिवळी पडून चिकट झालेली असेल तर ती नायट्रेट असू शकते, भुरकन पेटते, देवघराजवळ तर ठेवूच नका.

आत्ता पावसात हे काम काढायचं नाही. पेटी जमिनीवरून, बाहेरच्या भिंतीपासून लांब माडीवर न्या, झाकण किलकिलं ठेवा. चतुर्थी होऊ दे, दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की बसू. स्कॅनर मी आणते. १२०ची निगेटिव्ह इंचाला २४०० ठिपके (डीपीआय) लावून स्कॅन केली की एका बाजूला पाच हजारांवर पिक्सेल मिळतात, घराण्याच्या सात पिढ्यांना पुरतील. फाइल टिफ प्रकारात, रंग न भरता.

आणि पाकिटांवर फोटो कुणी काढला, कुठे, कोण कोण आहे ते तुम्हाला आठवतंय तोवर लिहून ठेवा. पेन्सिलीनं, शाई सुटते. नाव आधी लिहायचं आणि निगेटिव्ह मग आत घालायची. उलट केलंत तर पेन्सिलीचा दाब इमल्शनवर उमटतो.